उठावाच्या अक्षरांना रंग

दवाखान्यात गेल्यावर आपण आधी काय करतो? दारावरची पाटी वाचतो. ‘औषधे’ कुठे मिळतात, ‘क्ष-किरण विभाग’ कोणता, ‘स्त्रिया’ कुठे आणि ‘पुरुष’ कुठे, हे सगळे पाटी सांगते. ज्यांना कालपरवापर्यंत वाचता येत नव्हते, त्यांना पाटीची किंमत विचारा. दर दाराशी थांबून कोणाला तरी विचारावे लागे, “अहो, हे दार कशाचं?” कोणी सांगे, कोणी अंगावर येई. वाचता येऊ लागले आणि हे विचारणे सुटले.

पण ज्याला अक्षर येते आणि डोळ्यांनी दिसत नाही, त्याने काय करावे? किंवा ज्याला दिसते, पण धुक्यातून पाहिल्यासारखे अंधूक दिसते, त्याने काय करावे? त्यांनीही जन्मभर दाराशी उभे राहून विचारतच राहावे काय? नाही. त्यांच्यासाठी उठावाच्या अक्षरांची पाटी असते.

अशा पाट्या करणारा एक लहानसा कारखाना आम्ही पाहून आलो. अक्षरांना रंग लावण्याचे नवे यंत्र तिथे आले होते. त्या यंत्राने काय सोपे झाले, कुठे फसगत झाली आणि त्यातून काय शिकायला मिळाले, ते आज सांगतो.

पाटी कशी असते?

या पाटीवरची अक्षरे पाटीच्या अंगापासून वर उचललेली असतात. बोट फिरवले की अक्षराचा आकार कळतो. अक्षरांच्या खाली बारीक गोल ठिपके असतात. ती ब्रेल लिपी.

लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा १८०९ साली जन्मला. त्याचे वडील घोड्यांचे चामडी साज करीत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळताना हत्यार डोळ्याला लागले. पुढे दोन्ही डोळे गेले. तो पॅरिसच्या अंधशाळेत शिकला. तिथे उठावाच्या अक्षरांची पुस्तके होती, पण ती बोटाने वाचायला फार वेळ लागे. ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. आपल्या देशात १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ठरली. मराठीतला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ डोळ्यांना वेगळे दिसतात, पण भारती ब्रेलमध्ये दोन्हींचे ठिपके एकच.

मग कोणी विचारील, “ठिपके असताना उठावाची अक्षरे कशाला?” याचे उत्तर सोपे आहे. सर्वच अंध माणसांना ब्रेल येत नाही. पुष्कळांची दृष्टी उतारवयात जाते. त्यांनी लहानपणी पाटीवर अक्षरे गिरवलेली असतात. डोळे गेले तरी अक्षर जात नाही. बोटाला आकार लागला की ते ओळखता येते.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. पाट्या कशा असाव्यात, याची मापे त्याच्या नियमांत दिली आहेत. २०१० च्या नियमांप्रमाणे अक्षर पाटीपासून निदान ०.८ मिलिमीटर वर आलेले हवे. ही उंची रुपयाच्या नाण्याच्या जाडीहूनही कमी आहे, तरी बोटाला ती पुरते. ब्रेलचा ठिपका ०.६ ते ०.९ मिलिमीटर उंच आणि माथ्याशी गोल हवा. अक्षरे आणि ठिपके यांच्यामध्ये निदान साडेनऊ मिलिमीटर जागा हवी. आपल्या देशातही २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक इमारतींत त्यांना अडचणीवाचून वावरता आले पाहिजे, असे तो सांगतो.

रंग कोणासाठी?

बोटाने वाचायचे तर रंग कशाला, असे आम्हांलाही आधी वाटले होते. कारखान्याच्या मिस्त्रींनी आमची चूक दाखवली.

“साहेब, नजर अधू म्हणजे सगळाच अंधार असं नसतं. कितीतरी जणांना थोडंफार दिसतं. पांढऱ्या पाटीवर पांढरं अक्षर असलं तर त्यांना काहीच कळत नाही. गडद पाटीवर फिकं अक्षर द्या, नाहीतर फिक्या पाटीवर गडद. मग ते जवळ जाऊन वाचतात.”

म्हणजे एकाच पाटीवर दोन कामे आहेत. उठाव बोटासाठी आणि रंग अधू डोळ्यासाठी. अमेरिकेच्या नियमांतही हेच आहे. अक्षर आणि पाटी यांत गडद-फिक्याचा फरक हवा, आणि पाटी चकाकणारी नसावी. चकाकली की दिव्याचा उजेड तिच्यावरून डोळ्यांत जातो आणि अक्षर हरवते.

हाताने रंग कसा लावतात?

या कारखान्यात पाटी अशी तयार होते. प्लास्टिकच्या पत्र्यावर एका खास पदार्थाचा थर असतो. त्यावर अक्षरांची फिल्म ठेवून अतिनील दिव्याचा प्रकाश देतात. प्रकाश लागतो तिथला थर घट्ट होतो. बाकीचा पाण्याने धुऊन निघतो. अक्षरे आणि ठिपके तेवढे वर राहतात. मग सगळ्या पाटीला एक रंग देतात. तो वाळला की अक्षरांच्या माथ्यांवर दुसरा रंग चढवायचा.

हे दुसरे काम पूर्वी दोन बाया हाताने करीत. काचेवर शाई पसरायची, रबरी रूळ तिच्यावर फिरवायचा आणि मग तोच रूळ अलगद अक्षरांवरून न्यायचा. रबरी शिक्क्याला शाई लागते ना, तसेच हे. उंच भागालाच रंग लागतो, खोल भाग कोरा राहतो.

ऐकायला सोपे, पण हात बसायला सहा महिने लागतात, असे त्या बाया म्हणाल्या. रूळ मऊ असला तर तो अक्षराच्या पोटात उतरतो. शाई जास्त झाली तर कडेने ओघळते. शाई कमी पडली तर अक्षर पुसट होते. सकाळी हात ताजा असतो, तेव्हा पाट्या चांगल्या होतात. दुपारनंतर खांदे भरून येतात आणि पाट्याही बिघडू लागतात.

आपल्या देवनागरीत तर आणखी सांभाळावे लागते. वाचायला शिकताना ‘भ’ आणि ‘म’ यांनी आपल्याला किती छळले, ते आठवा. ‘ध’ आणि ‘घ’ यांनीही तसेच छळले. या जोड्यांत फरक कितीसा? ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली, तर ‘म’ आणि ‘घ’ यांची सलग. ती बारीकशी फट रंगाने भरली, तर ‘विभाग’चा ‘विमाग’ होतो आणि ‘औषधे’ची ‘औषघे’ होतात. आपली नजर चांगली असली, तर आपण अंदाजाने वाचून पुढे जातो. पण ज्याला एकेक अक्षर नाकाजवळ नेऊन जुळवायचे आहे, तो तिथेच अडतो.

यंत्र काय करते?

उंच अक्षरांना यंत्राने रंग लावणे ही कल्पना नवी नाही. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत. खिळा म्हणजे उठावाचे अक्षरच. पूर्वी चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांना हाताने शाई थापटीत. पुढे रूळ आले. १८१४ साली २९ नोव्हेंबरला लंडनचे ‘टाइम्स’ वर्तमानपत्र कोनिग या जर्मन माणसाच्या वाफेच्या यंत्रावर छापून निघाले. त्या यंत्रात शाई लावण्याचे काम रूळच आपोआप करीत. पाटीचे यंत्र याच रुळाचे नातवंड म्हणायचे.

मात्र एक फरक आहे. खिळ्यावरची शाई कागदावर उतरते आणि खिळा पुन्हा पुसता येतो. इथे मात्र उंच अक्षर हाच शेवटचा माल. त्याला लागलेला रंग त्याच्यावरच राहतो.

आज हे काम तीन तऱ्हांनी यंत्रावर होते.

पहिली तऱ्हा रुळाची. पाटी पट्ट्यावरून सरकत येते. वर शाईचा रूळ फिरत असतो. रुळाजवळ एक पाते असते. ते जास्तीची शाई खरवडून काढते आणि रुळावर सारखा पातळ थर ठेवते. रूळ आणि पट्टा यांच्यातले अंतर चाकी फिरवून ठरवता येते. सगळे कौशल्य त्या अंतरात आहे.

दुसरी तऱ्हा तापलेल्या पन्नीची. पातळ फिल्मवर रंगाचा कोरडा थर असतो. ती फिल्म पाटीवर धरून गरम रबरी रुळाने दाबतात. उंच माथ्यांना रंग चिकटतो आणि फिल्म मागे निघून येते. ओली शाई नाही, म्हणून ओघळ नाही. पण उष्णता कमी पडली तर रंग पुढे सोलतो, आणि दाब जास्त झाला तर अक्षराच्या कडाही रंगतात.

तिसरी तऱ्हा छपाईयंत्राची. संगणकातल्या चित्राप्रमाणे यंत्र शाईचे बारीक थेंब नेमके अक्षरावर टाकते आणि दिव्याखाली ते लगेच घट्ट होतात. इथे रूळ लागत नाही. पण पाटी आपल्या साच्यात अचूक बसली पाहिजे. केसभर सरकली, तरी रंग अक्षरावर न पडता शेजारी पडतो.

रंगच लावू नये, असाही एक मार्ग आहे. रंगीत प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून अक्षरे कापून पाटीवर चिकटवतात. अक्षराला मूळचाच रंग असतो, म्हणून तो माथ्यावरून झिजून जात नाही. ज्याचे जसे काम आणि जशी ऐपत, तशी त्याने निवड करावी.

चाळीस पाट्यांची गोष्ट

आमच्या कारखान्याने रुळाचे यंत्र घेतले. पहिले आठ दिवस सगळे खूश. दोघींना दिवसभर पुरणारे काम दोन तासांत होऊ लागले. त्या बायांना कामावरून काढले नाही. एकीला यंत्रावर बसवले, दुसरीला तपासणीला. मालकांचे हे आम्हांला आवडले.

नवव्या दिवशी एका दवाखान्याच्या पाट्या होत्या. सकाळी अंतर ठरवले, दोन पाट्या काढून पाहिल्या, छान आल्या. दुपारी पत्र्यांचा दुसरा गठ्ठा उघडला. तो पत्रा आधीच्यापेक्षा थोडासा जाड होता. डोळ्यांना ते कळण्यासारखे नव्हते. यंत्राला तर काहीच कळत नाही. पाटी जाड म्हणजे रूळ तेवढा जास्त दाबला जाणार. रूळ अक्षरांवर दाबला गेला आणि खाली उतरून ब्रेलच्या ठिपक्यांवरूनही फिरला. एकामागून एक चाळीस पाट्या तशाच निघाल्या. लांबून पाहिल्या तर रंग कसा झकास दिसत होता!

पाट्या बांधायच्या आधी कारखान्यात एक आजोबा आले. हे आजोबा मालकांच्या नात्यातले. चाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केलेले. साठी उलटल्यावर त्यांची दृष्टी गेली. ब्रेल त्यांना येत नाही, पण बोटांना अक्षराची ओळख पक्की. ते म्हणाले, “बघू द्या तरी, कशा झाल्यात.”

त्यांनी एका पाटीवर बोट फिरवले. थांबले. पुन्हा फिरवले.

“मिस्त्री, हे काय लिहिलंय?”

“आजोबा, ‘क्ष-किरण विभाग’.”

“‘विभाग’ होय? माझ्या बोटाला ‘विमाग’ लागलं. ‘भ’ची फट बुजवलीत की राव! आमच्या छापखान्यात असा खिळा मी डब्यात टाकला असता.”

मिस्त्रींनी पाटी उजेडात धरली. फटीत रंग साचला होता. मग खालचे ठिपके पाहिले. ठिपक्यांच्या पायथ्याशीही रंग जमला होता. ब्रेलच्या दोन ठिपक्यांच्या मधली मोकळी जागा जेमतेम मिलिमीटरभर असते. ती भरली की दोन ठिपके बोटाला एकच लागतात. ठिपका बदलला की अक्षर बदलते.

आजोबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “माझं एक वेळ चालेल, बाबा. मी कोणाला तरी विचारीन. पण ज्याच्याबरोबर कोणी नाही, तो ही पाटी वाचून भलत्याच दारात जाईल. मग तो म्हणेल, मलाच वाचता येत नाही. चूक पाटीची, आणि लाज त्याला.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. वाचता न येण्याची लाज काय असते, ती आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे!

चाळीसही पाट्या मोडीत गेल्या. दोन दिवसांची मजुरी आणि माल वाया गेला. मालकांना ते जड गेले, पण त्यांनी त्या पाट्या पाठवल्या नाहीत.

मग काय सुधारले?

हाताने काम करणारी बाई दहाव्या पाटीला चुकते, पण अकरावीला सावरते. रूळ जड लागला की तिच्या हाताला कळते. यंत्र चुकले की चुकतच राहते. ते थकत नाही, तसे थबकतही नाही. म्हणून यंत्र आले की तपासणी कमी करायची नसते, वाढवायची असते. कारखान्यात आता पुढील नेम केले आहेत.

पत्र्याचा नवा गठ्ठा उघडला की आधी जाडी मोजायची आणि मग रुळाचे अंतर पुन्हा लावायचे.

रूळ कठीण रबराचा आणि अक्षरांच्या ओळीपुरताच रुंद घ्यायचा. अक्षरे आणि ठिपके यांच्यामधली साडेनऊ मिलिमीटर जागा इथे उपयोगी पडते. रुळाची कड त्या मोकळ्या जागेत राहते आणि ठिपक्यांना शिवत नाही.

‘भ’, ‘ध’, अनुस्वार आणि जोडाक्षरे असलेली पाटी आधी काढायची. ती चांगली आली, तर बाकीच्या येतात.

रंग वाळल्यावर पहिली पाटी आणि पुढे दर दहावी पाटी बाजूला ठेवायची. तिची पारख तीन तऱ्हांनी करायची. एकदा अंधूक दिसणाऱ्या माणसाने पाहायची. एकदा अक्षर येणाऱ्या अंध माणसाने बोटाने वाचायची. एकदा ब्रेल जाणणाऱ्याने ठिपके वाचायचे. पाटीवर काय लिहिले आहे, ते त्यांना आधी सांगायचे नाही. आधी सांगितले तर बोट वाचत नाही, मन वाचते.

या पारखीची मजुरी द्यायची. हे उपकाराचे काम नव्हे, कसबाचे काम आहे. आजोबा आता आठवड्यातून दोनदा येतात. ब्रेल वाचायला एक तरुण शिक्षिका येतात. त्या जन्मापासून अंध आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी एका पाटीवर बोट ठेवले आणि हसून म्हणाल्या, “मिस्त्रीकाका, ठिपके चांगले आहेत, पण पाटी उलटी धरलीय तुम्ही.”

आम्ही निघालो, तेव्हा यंत्र चालू होते. ‘क्ष-किरण विभाग’ची नवी पाटी बाहेर आली. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे. वाळल्यावर आजोबांनी बोट फिरवले. या वेळी त्यांनी मिस्त्रींना काही विचारले नाही. स्वतःच मोठ्याने वाचले.

लक्षात ठेवा

उठाव बोटासाठी, रंग अधू नजरेसाठी. दोन्ही नीट असले तरच पाटी पुरी झाली.

रंग अक्षराच्या माथ्यावर राहावा. फटीत आणि ठिपक्यांत उतरू नये.

यंत्र काम भरभर करते आणि चूकही भरभर करते. म्हणून पहिला नग नीट पारखावा.

वस्तू ज्याच्यासाठी केली, त्याच्याकडूनच तपासून घ्यावी.

प्रश्न

१. ब्रेलचे ठिपके असूनही पाटीवर उठावाची अक्षरे का लागतात?

२. पत्रा थोडा जाड निघाल्यामुळे चाळीस पाट्या कशा बिघडल्या?

३. ‘भ’ची फट बुजली तर कोणते अक्षर दिसते? अशी दुसरी जोडी सांगा.

४. “चूक पाटीची, आणि लाज त्याला,” असे आजोबा का म्हणाले? आपला असा अनुभव असेल तर वर्गात सांगा.

करून पाहा

डोळे मिटून हातात एक नाणे घ्या आणि त्यावरचा आकडा बोटाने ओळखा. मग एखाद्या रबरी शिक्क्याला आधी थोडी आणि मग पुष्कळ शाई लावून दोन ठसे घ्या. कोणता ठसा नीट वाचता येतो, आणि दुसऱ्यातली कोणती अक्षरे बुजली, ते वहीत लिहा.